सुट्टीतला बॅले : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

सुट्टी लागली की बॅलेचे वर्ग काही आठवडे बंद राहतात आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये एकच काळजी वेगवेगळ्या शब्दांत दिसू लागते: वर्गात कमावलेले घरी टिकवायचे कसे? त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्यातला प्रश्न थोड्याफार फरकाने बहुतेक पालकांचा आहे.

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची असून तिचे बॅलेचे हे चौथे वर्ष आहे. वर्ग पाच आठवडे बंद आहेत. आपण सगळे विसरून जाऊ या भीतीने ती दिवाणखान्यात रोज दोन-दोन तास सराव करते, फरशीवर उड्या मारते, मोजे घालून गिरक्या घेते. तिचा उत्साह मोडवत नाही, पण काळजीही वाटते. तिला किती आणि काय करू द्यावे?

उत्तर : आधी तिची भीती दूर करायला हवी. दोन-तीन आठवडे वर्ग झाला नाही म्हणून स्नायूंची ताकद फारशी घटत नाही, आणि तीन-चार वर्षे घोटलेल्या हालचाली शरीर इतक्या सहज विसरत नाही. लवकर ओसरतो तो दम, आणि त्याच्या पाठोपाठ थोडीफार लवचीकता. दम टिकवण्यासाठी बॅलेच करावा लागतो असे मुळीच नाही. पोहणे, सायकल चालवणे, मैदानावर मनसोक्त खेळणे यांतून तो उत्तम टिकतो. मग घरच्या सरावाकडे उरतात त्या चारच गोष्टी: पावलांचे नेमके काम, खुब्यातून येणारा टर्नआउट (पाय बाहेरच्या बाजूला वळवणे), तोल आणि संगीताचा कान. या चारही गोष्टी संथ, लक्षपूर्वक केलेल्या सरावाने टिकतात आणि असा सराव दोन तास करताच येत नाही, कारण अर्ध्या तासानंतर दहा वर्षांच्या मुलीचे लक्ष थकते आणि थकलेल्या लक्षाने केलेली हालचाल चुकीचीच घोटली जाते. म्हणून आठवड्यातून चार किंवा पाच दिवस, दर वेळी पंचवीस ते तीस मिनिटे, एवढे तिला पुरेसे आहे. सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात तिने काहीच केले नाही तरी बिघडत नाही. व्यावसायिक नर्तकसुद्धा हंगाम संपल्यावर शरीराला सक्तीची विश्रांती देतात.

आता फरशीबद्दल, आणि याबाबतीत मी कोणतीही सूट देणार नाही. घरात काय करायचे हे पायाखालची जमीन ठरवते. बॅलेच्या वर्गातली जमीन साधी नसते. लाकडी फळ्यांच्या खाली पोकळी किंवा लवचीक आधार असतो, त्यामुळे उडी मारून खाली येताना बसणाऱ्या धक्क्याचा काही भाग ती जमीन स्वतः झेलते. वरचे विनाइलचे आच्छादन पाय घसरू देत नाही आणि चिकटवूनही ठेवत नाही. घरातल्या फरशीखाली मात्र काँक्रीट असते. उडी मारून उतरताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार पायांवर येतो, आणि काँक्रीट त्यातले काहीच झेलत नसल्यामुळे तो सगळा नडगी, घोटा, गुडघा आणि पाठीचा कणा यांच्या वाट्याला जातो. दोन-चार उड्यांनी काही होत नाही, पण रोजच्या उड्यांनी नडगीचे दुखणे सुरू होते, आणि ते अंगावर काढले तर हाडाला बारीक चीर जाण्यापर्यंत मजल जाऊ शकते. त्यामुळे घरी उड्या नकोत. मोजे घालून गिरक्या तर अजिबात नकोत, कारण गुळगुळीत फरशीवर उभा पाय कधी सरकेल याचा नेम नसतो. गालिच्यावर गिरकी घेणे याच्या उलट कारणाने वाईट आहे: पाऊल जागीच अडकते, वरचे शरीर फिरते आणि मधल्या मध्ये गुडघा पिळला जातो. बॅलेचे मऊ बूट घालून, कोरड्या आणि न घसरणाऱ्या जागी उभ्याने करण्याचे व्यायाम एवढीच घरची मर्यादा समजावी. गिरकीची तयारी करायचीच असेल तर पाव वळण आणि अर्धे वळण घेऊन नजर एका बिंदूवर रोखणे आणि मान झटकन वळवणे एवढेच करावे. पिरुएतमध्ये, म्हणजे एका पायावरच्या गिरकीत, डोक्याचे काम हेच असते आणि ते असे सुटे करून चांगले सुधारते.

बारच्या, म्हणजे वर्गात आधाराला धरायच्या आडव्या दांडीच्या, जागी काय धरावे, हा पुढचा प्रश्न. हलकी खुर्ची नको. पाय मागे नेताना तिच्यावर भार पडला की ती कलंडते. स्वयंपाकघराचा ओटा, जड मेज किंवा खिडकीची भक्कम कड यांपैकी जे तिच्या कंबरेच्या आसपास येईल ते निवडावे. आधार फार उंच असेल तर खांदा वर चढतो आणि मानेजवळ आखडतो. हात शरीराच्या किंचित पुढे, कोपर सैल आणि बोटे आधारावर नुसती टेकलेली असावीत. घट्ट पकडल्याचे दिसले तर तोल हातावर गेला आहे असे समजावे. माझे मत असे की सुट्टीत या वयाच्या मुलांनी निम्मे काम आधाराकडे तोंड करून, दोन्ही हात टेकवून करावे. त्यामुळे कंबर आणि खांदे समोर सरळ राहतात आणि शिक्षक पाहायला नसताना जे वाकडेपण नकळत शिरते ते बरेचसे टळते.

सरावाचा क्रम वर्गातलाच ठेवावा. आधी पाच-सात मिनिटे घरातल्या घरात भरभर चालणे आणि हातपाय मोकळे करणे, मग प्लिए (गुडघे वाकवणे), तांद्यू (पाय जमिनीवरून सरकवत लांब नेणे), संथ रों द जांब (पायाने अर्धवर्तुळ काढणे), चवड्यांवर चढण्याचे रेलेव्हे, थोडा वेळ तोल आणि शेवटी हातांचे पोर द ब्रा. प्लिएमध्ये गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतो का, हे पालकालाही समोरून पाहता येते. गुडघे अंगठ्याच्या आत झुकत असतील किंवा पावलाची कमान आत कोसळत असेल तर पावले क्षमतेपेक्षा जास्त उघडली गेली आहेत. ती तितकी मिटवावीत की गुडघा आणि पाऊल एका रेषेत येतील. टर्नआउट खुब्यातून जितका येतो तितकाच खरा असतो, पावले फरशीवर घासून बळेच उघडली तर उरलेला पीळ गुडघ्याला सोसावा लागतो.

एकच व्यायाम निवडायला सांगितले तर मी तांद्यू निवडेन. पहिल्या स्थितीत, म्हणजे टाचा जोडून आणि पावले बाहेर उघडून, उभे राहून एक पाय जमिनीवरून सरकवत लांब न्यायचा आणि परत आणायचा, इतकी साधी ही हालचाल आहे. वर्गात ती दोन मात्रांत होऊन जाते. घरी तिला जाताना चार आणि येताना चार मात्रा द्याव्यात. आधी टाच उचलली जाते, मग चिकटपट्टी सोलावी तसा चवडा जमिनीवरून सुटत जातो आणि शेवटी बोटांची टोकेच टेकलेली राहतात. परत येताना बोटे, चवडा, टाच असा उलटा क्रम. बोटे आत मुडपली जाऊ नयेत, लांब व्हावीत, आणि घोट्यापासून पाऊल आतल्या बाजूला वळू नये, कारण तीच सवय पुढे चवड्यावर उभे असताना घोटा मुरगळायला कारणीभूत होते. पाय पूर्ण लांब गेला की तिला सांगा, ‘आता बोटे जमिनीपासून एक बोटभर वर उचल.’ शरीर जराही न हलता पाय उचलला गेला तर वजन उभ्या पायावर नीट आहे; उचलण्यापूर्वी धड बाजूला सरकवावे लागले तर वजन अजून दोन पायांच्या मध्ये रेंगाळते आहे. पुढे, बाजूला आणि मागे, प्रत्येक दिशेला आठ वेळा, दोन्ही पायांनी. एवढे मन लावून केले तर त्या दिवशी इतर काही नाही झाले तरी मी समाधानी असेन.

सर्व काही रोज करण्याचा हट्ट नको. इटालियन गुरू एन्रिको चेकेत्ती (१८५०–१९२८) यांच्या पद्धतीत आठवड्याच्या वारांनुसार व्यायामांचे वेगवेगळे संच ठरलेले असत. घरीही एक दिवस पावलांचा, एक तोलाचा, एक हातांचा अशी वाटणी केली तर मुले कंटाळत नाहीत.

प्रश्न : ताई, मी चौदा वर्षांची आहे. सुट्टी लागण्याच्या थोडेच आधी मला पहिले पॉइंट शूज मिळाले. वर्गात आम्ही दोन्ही हातांनी बार धरून जेमतेम दहा मिनिटे ते वापरत होतो. घरी रोज घालून सराव केला तर मी पुढे जाईन ना?

उत्तर : नाही, आणि हे वाचून तुला वाईट वाटेल याची मला कल्पना आहे. पॉइंट शूजमध्ये संपूर्ण शरीराचा भार बोटांच्या टोकांवर येतो, आणि पहिल्या काही महिन्यांत वजन कुठे पडते आहे, घोटा बाजूला झुकतो आहे का, गुडघा पूर्ण ताणला आहे का, हे पाहणारे शिक्षकाचे डोळे जवळ असावेच लागतात. तुझ्या वयात पावलांच्या हाडांची वाढ अजून चालू असते. फरशी गुळगुळीत असेल तर पडण्याचा धोका वेगळाच. शिक्षकांनी स्वतः नेमके काही करायला सांगितले असेल तर तेवढे करावे, एरवी ते बूट कोरड्या, हवेशीर जागी ठेवून द्यावेत.

पॉइंटची ताकद मात्र तू त्या बुटांशिवायच भरपूर वाढवू शकतेस. एका पायावर उभे राहून, आधाराला बोटे टेकवून, सावकाश चवड्यावर चढायचे आणि तितक्याच सावकाश उतरायचे. गुडघा सरळ, भार अंगठा आणि दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, घोटा सरळ रेषेत. हे न थांबता वीस-पंचवीस वेळा नीट जमणे ही पॉइंटच्या तयारीची एक जुनी कसोटी आहे. शेवटच्या पाच वेळा उंची कमी होते की नाही ते प्रामाणिकपणे पाहा. होत असेल तर तिथेच थांबून दुसऱ्या दिवशी पुन्हा कर. दुसरा व्यायाम बसून करण्याचा आहे: तळपाय जमिनीवर सपाट ठेवून, बोटे न मुडपता, पावलाची कमान वर ओढून धरायची. बाहेरून काहीच होताना दिसत नाही, पण पावलातले लहान स्नायू यानेच तयार होतात.

प्रश्न : वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी बॅले शिकायला सुरुवात केली. घरी खोली लहान आहे आणि मोठा आरसा नाही. इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून सराव करते, तर हातांच्या स्थितींचे क्रमांक आमच्या शिक्षिकांपेक्षा वेगळे सांगतात. डाव्या-उजव्याचाही गोंधळ होतो. कसे करावे?

उत्तर : क्रमांकांचा गोंधळ तुमचा नाही. बॅलेच्या शिक्षणपरंपरा अनेक आहेत आणि त्यांची परिभाषा जागोजागी भिन्न आहे. दोन्ही हात डोक्यावर गोलाकार धरण्याच्या स्थितीला रशियन व्हागानोव्हा पद्धतीत तिसरी म्हणतात, तर फ्रेंच आणि चेकेत्ती पद्धतीत तीच पाचवी असते. तांद्यू करता करता पाय जमिनीपासून किंचित झटकून उचलण्याला चेकेत्ती पद्धतीत देगाजे, रशियन पद्धतीत जेते आणि रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या अभ्यासक्रमात ग्लिसे म्हणतात. पावलांच्या पाच स्थिती मात्र सतराव्या शतकात, फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या दरबारात प्येर बोशाँ यांनी नेमून दिल्या आणि त्यांवर आजही सर्व परंपरांचे एकमत आहे. म्हणून व्हिडिओ निवडताना तुमच्या शिक्षिकांची पद्धत कोणती हे विचारून त्याच पद्धतीचा शोधावा. तो सापडेपर्यंत हातांसाठी वर्गात शिकलेलेच धरून चालावे. डाव्या-उजव्यासाठी एक करा: पहिल्यांदा व्हिडिओ नुसता पाहा, व्यायामाची रचना मात्रांसह तोंडाने म्हणा, मग व्हिडिओ बंद करून फक्त संगीतावर करा. पडद्याकडे मान वळवून केलेला बार (म्हणजे दांडी धरून करायचे व्यायाम) मानेला आणि तोलाला दोन्हींना जाचतो.

आरसा नसण्याला मी अडचण मानत नाही. रंगमंचावरही आरसा नसतो. वर्गात आपण सारखे आरशात पाहून स्वतःला दुरुस्त करतो आणि हळूहळू शरीराच्या आतून येणारी जाणीव मागे पडते. सुट्टीत ती परत जागी करण्याची संधी आहे. आधाराजवळ उभे राहून एक पाय गुडघ्याशी टेकवा, म्हणजे रेटिरेमध्ये या, आधाराचा हात सोडा आणि तीस सेकंद राहून पाहा. ते जमले की हात आधाराच्या लगेच वर ठेवून डोळे मिटून पाहा. उभ्या पायाचा घोटा किती बारीक बारीक हालचाली करून तुम्हाला सावरतो आहे, हे तेव्हा प्रथमच स्पष्टपणे कळेल. खातरजमा करायला मोबाइल आहे. तो कंबरेच्या उंचीवर, तिरका न ठेवता, एकदा समोर आणि एकदा बाजूला ठेवून एखाद-दोन व्यायाम चित्रित करा आणि नंतर पाहताना एका वेळी एकच गोष्ट तपासा: आज फक्त कंबर, उद्या फक्त खांदे. सगळे एकदम तपासायला गेलात तर नुसते निराश व्हाल.

लहान खोलीसाठी आणि विशेषतः मोठ्या वयात शिकणाऱ्यांसाठी जमिनीवर झोपून करण्याचा बार मला फार मोलाचा वाटतो. रशियन वंशाचे शिक्षक बोरिस क्नियासेफ यांनी तो विकसित केला. चटईवर पाठीवर झोपून तेच प्लिए, तेच तांद्यू, तेच रेटिरे करायचे. उभे असताना शरीराचा भार पेलण्यात जे स्नायू गुंतलेले असतात ते येथे मोकळे होतात आणि टर्नआउट कोठून येतो हे नेमके उमगते. पाठीवर झोपून एक पाय रेटिरेमध्ये आणा आणि गुडघा बाहेर उघडा. ज्या क्षणी त्या बाजूची कंबर चटईवरून उचलली जाऊ लागते, तेथे तुमचा खरा टर्नआउट संपला. उभ्याने करताना ही लबाडी शरीर सहज लपवते, जमीन ती लगेच उघड करते.

जागा अपुरी आहे म्हणून खंत करू नका. मार्च २०२० मध्ये जगभरातली नाट्यगृहे बंद झाली तेव्हा इंग्लिश नॅशनल बॅलेच्या तत्कालीन कलादिग्दर्शिका तमारा रोहो यांनी आपल्या घरच्या स्वयंपाकघरातून वर्ग शिकवले आणि ते थेट प्रसारित झाले. अनेक संस्थांनी आपल्या कलाकारांना घरी विनाइल आच्छादनाचे तुकडे पाठवले होते. तेवढ्याशा तुकड्यावर त्या नर्तकांनी आपली कला महिनोन्‌महिने सांभाळली.

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. सुट्टीत पूर्ण स्प्लिट (दोन्ही पाय विरुद्ध दिशांना पसरून जमिनीला टेकवणे) जमवायचेच असे ठरवून तो सकाळी उठल्या उठल्या एक पाय सोफ्यावर आणि एक जमिनीवर ठेवून बराच वेळ दाबत बसतो. आता मांडीच्या वर, पुढच्या बाजूला टोचल्यासारखे दुखते म्हणतो. हे ताण पडल्याचे साधे दुखणे आहे का?

उत्तर : स्नायू ताणल्याचे दुखणे मांडीच्या मागे किंवा आतल्या बाजूला, स्नायूच्या मध्यभागी ओढ बसल्यासारखे जाणवते आणि एक-दोन दिवसांत ओसरते. खुब्याच्या पुढच्या बाजूला, सांध्याच्या आत टोचल्यासारखे किंवा चिमटल्यासारखे वाटणे निराळे आहे. तो सराव आजच थांबवावा आणि दुखणे आठवडाभरात गेले नाही तर अस्थितज्ज्ञांना किंवा खेळाडूंवर उपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्टना दाखवावे. दुखत असताना दाबत राहिल्याने लवचीकता येत नाही.

पुढे सुरू करताना क्रम बदलावा. झोपेतून उठल्या उठल्या शरीर थंड आणि आखडलेले असते. ताणण्याची ही सर्वांत वाईट वेळ. बारचे सर्व काम झाल्यावर, अंगाला घाम आलेला असताना, प्रत्येक स्थिती तीस सेकंद, दोन किंवा तीन वेळा, श्वास न कोंडता, एवढे पुरते. सरावाआधी लांबलचक ताण देऊ नयेत, कारण त्यानंतर काही काळ स्नायूंचा जोर कमी पडतो. सोफा तर नकोच. सपाट जमिनीवरचे स्प्लिट पूर्ण बसल्याशिवाय पाय उंचावर ठेवून दाबणे म्हणजे स्नायूंऐवजी सांध्याचे अस्थिबंध ढिले करणे होय. शिवाय या वयात उंची झपाट्याने वाढते, हाडे आधी लांब होतात आणि स्नायू मागून येतात, त्यामुळे काही महिने लवचीकता कमी झाल्यासारखी वाटते. ते त्याच्या आळसामुळे नव्हे, हे त्याला आवर्जून सांगा. आणि बॅलेत पाय उंच जाण्यापेक्षा तो तिथे राहणे महत्त्वाचे असते. रोज ताण देण्याच्या निम्मा वेळ त्याने पाय हाताने न धरता समोर नव्वद अंशांत उचलून आठ मात्रा स्थिर ठेवण्याला दिला तर वर्ग सुरू होईल तेव्हा शिक्षकांना फरक दिसेल.

प्रश्न : आमच्या मुलीने सुट्टीभर काहीही सराव केला नाही. आता वर्ग आठ दिवसांवर आले आहेत आणि ती घाबरली आहे. या आठ दिवसांत भरून काढता येईल का?

उत्तर : भरून काढायला जाऊ नका, सुट्टीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात दुखापती होण्याचे कारण बहुधा हीच घाई असते. या आठ दिवसांत दिवसाआड वीस मिनिटे प्लिए, तांद्यू आणि रेलेव्हे करावेत, रोज थोडे भरभर चालावे. उरलेल्या दिवशी सुट्टीपूर्वी वर्गात शिकवलेल्या रचना संगीत लावून नुसत्या हातांनी आणि मात्रा मोजत आठवाव्यात. नर्तक याला मार्किंग म्हणतात. बसल्या जागी केलेली ही उजळणी रचना स्मरणात परत आणते आणि तिची निम्मी भीती तेथेच जाईल.

वर्गाच्या पहिल्या दिवशी सुट्टीत सराव झाला नसल्याचे शिक्षकांना मोकळेपणाने सांगावे. चांगले शिक्षक पहिल्या आठवड्यात उड्या कमी ठेवतात, आधी दोन्ही पायांवरच्या आणि मग एका पायावरच्या देतात. त्यांनी तसे केले नाही तरी तिने आपणहून मोठ्या उड्यांची एक-एक फेरी सोडावी. बूट आताच घालून पाहा. सुट्टीत पाऊल वाढलेले असते आणि आखूड बुटात बोटे मुडपली जातात. पोटऱ्या दोन-तीन दिवस दुखतील, तो साधा थकवा आहे. नडगीच्या हाडावर एका ठिकाणी बोट ठेवून दुखत असेल तर मात्र उड्या लगेच बंद करून डॉक्टरांना दाखवावे.